१९४६चे रसायन आणि मोटारीच्या दारावरचा हाताचा ठसा

आजचा धागा तहाचा नाही, लढाईचा नाही आणि कोणत्याही गादीच्या वारसाहक्काचाही नाही. तो आहे मोटारीच्या दारावर उमटलेल्या चार बोटांचा. धागा लांब आहे, सवडीने वाचावा. मते माझी आहेत आणि ती पटलीच पाहिजेत असा आग्रह नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघे हरिश्चंद्रगडावरून पाचनईत उतरलो. डासांनी जीव नकोसा केला होता. माझ्या मावसभावाने अमेरिकेहून आणलेली डास पळवणाऱ्या औषधाची बाटली सर्वांनी हातापायांना चोपडली आणि मैत्रिणीच्या वडिलांच्या नव्याकोऱ्या मोटारीतून पुण्याला परतलो. सकाळी काकांनी दार उघडले तर हात टेकवायच्या काळ्या पट्टीवर माझी चार बोटे उमटलेली, लाखेवर मोहोर उठावी तशी! पुसून जाईनात. माझ्या मनगटी घड्याळाची प्लास्टिकची काचही दुधाळ झाली होती. काका रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, “हे तुम्ही अंगाला लावता?”

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. बाटली त्याच दिवशी कचऱ्यात गेली आणि त्या घरात डासांचे कोणतेही औषध अंगाला लावणे बंद झाले. दिवाळीच्या तोंडावर मैत्रिणीला डेंग्यू झाला. कोणता डास, कुठला, कधी चावला हे कोणालाच ठाऊक नाही, म्हणून या दोन गोष्टींत मी कार्यकारणभाव जोडणार नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने तर तो मुळीच जोडू नये. पण काकांच्या प्रश्नाला नीट उत्तर देणे मला आवश्यक वाटू लागले, आणि शोधत गेलो तो थेट दुसऱ्या महायुद्धात जाऊन पोहोचलो.

माणूस आणि डास यांचे वैर जुने आहे. हिरोडोटस इजिप्तच्या दलदलीतील लोकांविषयी लिहितो की ते दिवसा ज्या जाळ्याने मासे धरतात तेच रात्री अंथरुणाभोवती लावून निजतात. आपल्याकडे गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याची आणि गोवऱ्यांची धुरी होती, आजही आहे. या सर्व उपायांत एक गोष्ट समान होती: डास हा त्रास होता, मृत्यूचा दूत नव्हता. ते आरोपपत्र त्याच्यावर फार उशिरा दाखल झाले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे परजीवी दिसले आणि त्या दिवसापासून डासाला दूर ठेवणे हा झोपेचा प्रश्न न राहता जीविताचा प्रश्न झाला. रॉस यांचा जन्म अल्मोड्याचा. शोधही भारतातला. १९०२चे नोबेल त्याच कामासाठी.

तरीही पुढची कित्येक वर्षे अंगाला लावण्यासाठी मुख्यतः गवती चहाच्या कुळातील सिट्रोनेलाचे तेलच होते. वास उग्र, आणि गुण घटका दोन घटका. नंतर कारखान्यांत तयार झालेली तीन रसायने आली: १९२९चे डायमिथाइल थॅलेट, १९३७चे इंडालोन आणि १९३९चे ‘रटगर्स ६१२’. यांतील पहिल्या नावापाशी क्षणभर थांबा. डायमिथाइल थॅलेट हे प्लास्टिक मऊ करण्यासाठी त्यात मिसळायचे द्रव्य म्हणूनही वापरले जाते. थोडक्यात, आधुनिक डासरोधकांच्या वंशावळीतील पहिलाच पुरुष प्लास्टिकच्या घरचा सोयरा होता. ठशाची कथा इथूनच सुरू होते, हे माझे पहिले प्रतिपादन.

मग युद्ध आले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील चौदाव्या सैन्याचे सेनापती विल्यम स्लिम यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे की १९४३मध्ये जखमी होऊन मागे पाठवलेल्या प्रत्येक सैनिकामागे आजारी पडून मागे पाठवलेले १२० सैनिक होते. पुन्हा वाचा: एकामागे १२०. हिवताप, आमांश, झाडाझुडपांतील किड्यांमुळे होणारा टायफस. शत्रूच्या गोळीला पाळी येण्याआधीच पलटणी रिकाम्या होत होत्या. स्लिम यांचे उपाय कडक होते. मेपाक्रिनची गोळी सर्वांनी घ्यायची, सूर्यास्तापूर्वी बाह्या खाली करायच्या, आणि ज्या पलटणीत हे पाळले जाणार नाही तिच्या प्रमुखाला घरी पाठवायचे. असे तीन अधिकारी त्यांनी खरोखरच पदावरून दूर केले. याच आघाडीवर मार्च १९४४मध्ये सांगशाक येथे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन लढली. सांगशाकची लढाई आपण वाचतो, पण त्याच डोंगरातील डासांविषयी फारसे वाचत नाही. लढायांच्या नकाशांवर बाण काढले जातात, तापाचा बाण कोणी काढत नाही.

पॅसिफिकमधील बेटांवर अमेरिकी सैन्याची गत निराळी नव्हती. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने फ्लोरिडातील ऑर्लँडो येथील प्रयोगशाळेत हजारो रसायने तपासायला घेतली. पद्धत साधी आणि सोशिक: स्वयंसेवकाच्या हाताला रसायन लावायचे, हात डासांच्या पिंजऱ्यात घालायचा आणि पहिला चावा किती वेळाने बसतो ते घड्याळ लावून पाहायचे. आधी वर सांगितलेली तीन रसायने सहा, दोन आणि दोन या प्रमाणात मिसळून सैनिकांना देण्यात आली. पण सैन्याला हवे होते ते एकच, टिकाऊ आणि घामात तग धरणारे द्रव्य. कृषी खात्यातील रसायनशास्त्रज्ञ सॅम्युएल गर्टलर यांनी ते शोधले. त्याचे नाव डायइथाइल मेटा टोलुअमाइड, व्यवहारात ‘डीट’. पेटंट १९४६चे. त्याच वर्षापासून ते अमेरिकी सैन्याच्या नावाशी जोडले गेले आणि १९५७मध्ये सामान्य नागरिकांच्या हाती आले.

एक छोटी सूचना. डीट आणि डीडीटी यांची गल्लत करू नका. डीडीटी मारते, डीट मारत नाही, फक्त दूर ठेवते. नावे कानाला सारखी वाटतात म्हणून एकाची बदनामी दुसऱ्याला चिकटते. हा घोळ मी सुशिक्षितांच्या लेखांतही पाहिला आहे.

आता काळ नीट ध्यानात घ्या, कारण माझ्या मताचा कणा इथे आहे. १९४६च्या सैनिकाच्या अंगावर काय होते? सुती गणवेश, लोकरीचे मोजे, चामड्याचे बूट, कॅनव्हासची झोळी, पोलादी शिरस्त्राण, लाकडी दस्त्याची बंदूक. डीट सुताला काही करत नाही. लोकरीला करत नाही. पोलादाला तर नाहीच. रंग, वार्निश आणि त्या काळची थोडीफार प्लास्टिके यांना ते बाधत असे, पण हिवतापाच्या १२०ला एक या हिशेबापुढे घड्याळाच्या काचेची तक्रार कोण ऐकणार? ज्या जगासाठी हे औषध घडले त्या जगात ते जवळजवळ निरुपद्रवी होते.

त्यानंतर जग बदलले, औषध तेच राहिले. १९५३मध्ये जर्मनीत हर्मन श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी एकमेकांना नकळत पॉलिकार्बोनेट शोधले. आज चष्म्यांची भिंगे, हेल्मेटच्या काचा आणि मोटारींचे दिवे त्याचे असतात. १९५८मध्ये जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्सचा ताणला जाणारा धागा घडवला. एबीएस नावाचे कडक, चकचकीत प्लास्टिकही याच दशकात बाजारात आले. पावसाळी जाकिटांच्या आत पॉलियुरेथेनचा थर बसला. गळ टाकणाऱ्यांच्या जाड दोरीवर पीव्हीसीचे आवरण चढले. यांतील एकही वस्तू गर्टलर यांच्या टेबलावर नव्हती. तिच्यावर प्रयोग न केल्याचा दोष त्यांना देणे म्हणजे शिवकाळातील किल्लेदाराने विमानविरोधी तोफ का बसवली नाही असे विचारण्यासारखे आहे.

मोटारीची कथा तर याहून चमत्कारिक. सन १९५०च्या दशकातील बहुतेक मोटारींचा डॅशबोर्ड रंगवलेल्या पोलादी पत्र्याचा असे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी जुनी फियाट ज्यांच्या घरी होती त्यांना उन्हात तापलेला तो पत्रा आठवत असेल. अपघातात प्रवाशाचे डोके त्या पत्र्यावर आपटे. १९६८पासून अमेरिकेत मोटारीच्या अंतर्भागाने धक्का झेलला पाहिजे असा नियम लागू झाला आणि मऊ फेस, त्यावर मऊ कातडीसारखे प्लास्टिक, हे सारे वेगाने आत आले. म्हणजे डोके वाचवण्यासाठी जे मऊ प्लास्टिक आले त्यालाच रक्त वाचवणारे औषध खाऊ लागले. दोन्ही गोष्टी माणसाच्या जीवासाठीच केलेल्या. दोन खात्यांची आपसांत भेट झाली नव्हती, एवढेच.

पण हे नेमके होते कसे? डीट प्लास्टिक ‘जाळत’ नाही, ते आम्लही नाही. ते विद्रावक आहे. समानधर्मी पदार्थ समानधर्मी पदार्थात विरघळतो, हा रसायनशास्त्राचा जुना नियम. ज्या प्लास्टिकांतील रेणूंच्या साखळ्या अस्ताव्यस्त पसरलेल्या असतात, तिथे डीटचे रेणू हळूच आत शिरतात, साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात, पृष्ठभाग मऊ होतो आणि वर टेकलेल्या बोटांचा आकार घेतो. पॉलिकार्बोनेटवर आधीच ताण असेल तर तिथे बारीक भेगा पडतात. गंमत म्हणजे स्पॅन्डेक्सचा धागा कारखान्यात कातताना ज्या द्रवात आधी विरघळवला जातो, ते डायमिथाइल ॲसिटमाइड रचनेने डीटच्याच भाऊबंदांपैकी आहे. जन्मतः ज्या कुळात तो विरघळला होता, त्याच कुळातील पाहुणा पुन्हा अंगावर सांडला तर धाग्याने काय करावे?

उलट नायलॉन, पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या साखळ्या बऱ्याच अंशी शिस्तीत रचलेल्या असतात. डीटला तिथे दार सापडत नाही. म्हणूनच ते याच जातीच्या प्लास्टिकच्या बाटलीत सुखाने राहते आणि बाटलीबाहेर पडताच घड्याळ खाते. पाठपिशवीचे नायलॉनचे कापड टिकते, पण आतला जलरोधक थर चिकट होऊ शकतो. गडावर जाणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

आणखी एक गोष्ट. डीट सहजी उडून जात नाही. त्याचा उत्कलनांक सुमारे २८५ अंश सेल्सिअस. ते त्वचेवर तासन्‌तास टिकते ते यामुळेच, आणि मोटारीच्या दारावर तासन्‌तास बसून राहते तेही यामुळेच. ज्या गुणासाठी ऑर्लँडोत त्याची निवड झाली तोच गुण काकांच्या दारावर अवगुण ठरला. त्यात बंद मोटार उन्हात उभी असेल तर उष्णता हे काम आणखी झपाट्याने करते.

सैन्याच्या ध्यानात हे लवकर आले. व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांची छायाचित्रे पाहा. शिरस्त्राणाभोवतीच्या पट्ट्यात खोचलेली लहानशी बाटली अनेकांत दिसेल. ती डासांच्या औषधाची. त्यात डीटचे प्रमाण सुमारे ७५ टक्के होते. सैनिकांना ते आवडत नसे. तेलकट, उग्र आणि सामानाला बाधणारे. न आवडणारे औषध सैनिक लावत नाही आणि न लावलेले औषध कोणाला वाचवत नाही. अखेर १९९०च्या सुमारास अमेरिकी सैन्याने सुमारे ३३ टक्के डीट असलेला, हळूहळू पाझरणारा मलम स्वीकारला. मोटार कंपन्यांनीही पुढे आपल्या परीक्षणांत हा विषय घेतला. जनरल मोटर्सच्या परीक्षण-मानकांत तर सनस्क्रीन आणि कीटकरोधक यांना अंतर्भागाचे भाग कसे तोंड देतात, यासाठी स्वतंत्र मानक आहे. जुन्या बखरीत एखाद्या डासाने स्वतःसाठी स्वतंत्र प्रकरण मिळवावे, तसे हे झाले.

भारताने या बाबतीत स्वतःची वाट काढली, हे फारसे सांगितले जात नाही. डीटसाठी लागणारे मूळ द्रव्य येथे सहज उपलब्ध नव्हते. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने त्याऐवजी डायइथाइल फिनाइल ॲसिटमाइड, म्हणजे ‘डेपा’, पुढे आणले. ग्वाल्हेर म्हटले की आपल्याला महादजी आठवतात. यापुढे डासही आठवावेत. आणि आपल्या घरोघरीच्या ओडोमॉसमध्ये असते ते डायइथाइल बेंझमाइड, डीटचेच धाकटे भावंड. फरक एका मिथाइल गटाचा. डीट परदेशी विष आणि ओडोमॉस आपले घरचे, असे मानणाऱ्यांनी ही सोयरीक पाहून घ्यावी.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. प्लास्टिक विरघळते, मग कातडीचे काय?

नागपुरी संत्र्याची साल फुगलेल्या फुग्यावर पिळून पाहा. फुगा फुटेल. तोच रस थर्माकोलवर टाका, खड्डा पडेल. ती साल आपण हातांनी सोलतो, तिचा मुरंबा करतो. प्लास्टिक विरघळवणे आणि माणसाला विषारी असणे हे दोन वेगळे गुण आहेत. त्वचेचा वरचा थर अस्ताव्यस्त प्लास्टिकच्या साखळ्यांचा नसून घट्ट बांधलेल्या केरॅटिनचा आहे. उलट, संखियासारखे जहाल विष पॉलिथिनच्या बाटलीत वर्षानुवर्षे ठेवले तरी बाटलीला ओरखडा पडत नाही. बाटली शाबूत आहे म्हणून ते अंगाला लावावे काय? वस्तूच्या साक्षीवरून देहाचा निवाडा करणे, हा या साऱ्या भीतीमागचा मूळ दोष आहे.

१९९८मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डीटची नव्याने छाननी केली आणि सूचनांनुसार वापरल्यास सर्वसामान्यांच्या आरोग्याला चिंताजनक धोका आढळत नाही असा निष्कर्ष काढला. सूचनांनुसार, हा शब्द तिथे शोभेसाठी नाही. दोन महिन्यांखालील बाळाला लावू नये, डोळे-तोंड-जखम टाळावी, कपड्याखालच्या त्वचेवर चोपडू नये, घरी परतल्यावर धुवावे. पोटात गेले तर ते अपायकारकच आहे. आणि ५० टक्क्यांच्या पुढे प्रमाण वाढवून संरक्षणाचा काळ फारसा वाढत नाही, त्यामुळे शंभर टक्क्यांची बाटली मिरवण्यात काही पराक्रम नाही. माझी ती बाटली शंभर टक्क्यांचीच होती, हे कबूल करतो.

मात्र ‘घाबरू नका’ एवढेच सांगून मोकळे होणाऱ्यांशीही माझे जमत नाही. माझ्या बाटलीवर प्लास्टिक, रेयॉन, ॲसिटेट, स्पॅन्डेक्स, कृत्रिम चामडे आणि रंगवलेले पृष्ठभाग यांना जपा, ही सूचना होती. पण इतक्या बारीक इंग्रजी अक्षरांत की भिंगाशिवाय वाचता येऊ नये. (भिंग प्लास्टिकचे असेल तर तेही दूर धरून.) ज्या गुणधर्माची चर्चा सैनिकांत दशकानुदशके झाली तो ग्राहकाला नुकसान झाल्यावरच कळावा, हे मला मान्य नाही. सूचना ठळक असती तर मी हात धुऊन, तळवे पुसून मोटारीत बसलो असतो. ठसा उमटला नसता, काकांचा विश्वास उडाला नसता. लपवलेले खरे बाहेर आले की लोक ते खोट्यासह एकत्र गिळतात आणि मग आजाराच्या हंगामात औषधाची बाटली कचऱ्यात जाते.

पर्याय आहेत. सन १९८०च्या दशकात बायर कंपनीने घडवलेले पिकॅरिडिन डासांवर डीटच्या तोडीस तोड मानले जाते आणि प्लास्टिकला धक्का लावत नाही. त्याच्या रेणूतील पायपरिडीनचे वलय मिऱ्यातील पायपरीनमध्येही आहे, म्हणजे पुन्हा आपल्या मसाल्याच्या डब्याशी नाते. मोटारीत आणि गडावर आता मी तेच नेतो. डीटला मी निवृत्त करू इच्छितो, फाशी देऊ इच्छित नाही.

काकांना हे सारे दोन संध्याकाळी सांगितले. त्यांनी संत्र्याच्या सालीचा प्रयोग स्वतः करून पाहिला आणि फुगा फुटल्यावर मनापासून हसले. दारावरची पट्टी मात्र बदलून घेतलेली नाही. कोणी विचारले की ते माझ्याकडे बोट दाखवतात आणि १९४६पासून सुरुवात करतात.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी सैन्यातून निवृत्त झालेले आजोबा, काका वा मामा आहेत त्यांना एक विनंती. ईशान्येकडील जंगलात चौकीवर असताना डासांसाठी त्यांना काय दिले जाई, ते ते खरोखर लावत का, आणि त्याने घड्याळाचे, बुटांचे वा रेडिओचे काय झाले, हे त्यांना विचारा आणि खाली लिहा. अशा गोष्टी पलटणींच्या इतिहासात सापडत नाहीत, आणि सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत.